स्कॉट व्हॅली, कॅलिफोर्निया: सप्टेंबरात पाटाचं दार बंद ठेवलं तर पाण्याचा हक्क जातो का?

निफाडची लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे. अर्धवट सांगितला तर उत्तरंही अर्धवट येतील, म्हणून सगळंच लिहिते.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. द्राक्षं, कांदा आणि कालव्याचं पाणी. रात्री दोनला पाण्याची पाळी आली की वडिलांबरोबर बॅटरी घेऊन दारं धरायला जाणारी मी. आता सहा वर्षं झाली, आम्ही कॅलिफोर्नियाच्या अगदी उत्तरेला, सिस्कियू काउंटीत, एटना गावाबाहेर राहतो. मी यरीकाला फार्मासिस्ट आहे आणि घरी ५५ एकर जमीन आहे. त्यात लसूणघास, थोडं कुरण आणि २२ गाई. पाणी येतं स्कॉट नदीला मिळणाऱ्या एका ओढ्यावरून, दोन मैलांच्या मातीच्या पाटानं. हा पाट आमचा आणि शेजारच्या आजोबांचा सामाईक. त्यांचं वय ८४. पाट त्यांच्या वडिलांनी घोडे जुंपून नीट केलेला. आमच्या नावावर जुन्या न्यायालयीन निवाड्यातला एक क्युसेकचा हक्क आहे, तो जमिनीबरोबर आला.

ओढ्यावर जिथे पाट फुटतो तिथे लाकडी फळ्यांचा छोटा बांध आहे, आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याला बर्गे असतात तसा. पाटाच्या तोंडाशी माशांची पिल्लं आत जाऊ नयेत म्हणून फिरतं जाळीचं पिंप बसवलंय. ते काम चोख करतं. पिल्लं पाटात येत नाहीत, ती नदीतच राहतात. पण नदीत पाणीच नसेल तर?

गेल्या सप्टेंबरात मी बांधाच्या खाली चालत गेले. दीडशे पावलांवर ओढा तुटला होता. पांढरे गोटे आणि मध्ये एक डोह, आमच्या स्वयंपाकघराएवढा. पोटावर झोपून बघितलं. बोटाएवढी कोहो सॅमनची पिल्लं, चाळीसेक तरी असतील. पोटाखालच्या पराची पुढची कड पांढरी आणि तिला लागून काळी रेघ, त्यावरून ओळखायची असं इथल्या मत्स्यखात्यातल्या एका मुलीनं शिवारफेरीत दाखवलं होतं. सगळी पिल्लं एकाच कोपऱ्यात, गोट्यांखालून गार पाणी पाझरत होतं तिथे तोंड करून उभी. स्वयंपाकघरातला थर्मामीटर नेला होता. त्या कोपऱ्यात १६ अंश, डोहाच्या दुसऱ्या टोकाला दुपारी तीनला २२. आठ दिवसांनी पुन्हा गेले तेव्हा डोह निम्मा झाला होता आणि काठावर रॅकूनची पावलं होती.

कोहोचं असं आहे की पिल्लू जन्मल्यावर वर्षभराहून जास्त गोड्या पाण्यातच राहतं. एक अख्खा उन्हाळा ओढ्यात काढतं, मगच समुद्राकडे जातं आणि तीन वर्षांचं झालं की अंडी घालायला याच ओढ्यात परततं. म्हणजे या सप्टेंबरात मेलेली पिल्लं मला लगेच कमी दिसणार नाहीत, दोन वर्षांनी हिवाळ्यात ओढा रिकामा दिसेल. १९९७ पासून इथल्या कोहोला केंद्राच्या कायद्यानं संरक्षण आहे, तरी डोह काही कायद्यानं भरत नाही.

मला सप्टेंबरपासून पुढे माझं पाणी ओढ्यात सोडायचंय. लसूणघासाची तिसरी कापणी गेली तरी चालेल, तेवढा पगार मला मिळतो. माझे प्रश्न असे:

आजोबा म्हणतात, पाणी वापरलं नाहीस तर हक्क जाईल. हे खरं का? मी सोडलेलं पाणी खालच्या दोन पाटांनी उचललं तर माशाला काय मिळालं? तिसरं, आजोबा म्हणतात पाटातून झिरपलेलं पाणीच खाली झऱ्यांना येतं, पाट बंद केलास तर झरे आटतील. त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, माझे वडीलही विहिरीबद्दल हेच म्हणायचे. आणि शेवटचं, आम्ही ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाईंना पाजायला म्हणून पाट चालू ठेवतो. नेमके तेव्हाच मोठे मासे वर चढायला येतात. त्याचं काय करू?

कालव्यावरचा

ताई, मी पाटबंधारे खात्यात ३१ वर्षं काढली, बहुतेक सगळी सांगली आणि सातारा जिल्ह्यांत. तुमचा मुलुख मी पाहिलेला नाही, पण माती आणि पाणी सगळीकडे सारखंच वागतं.

आधी मोजा. पाटाच्या तोंडाशी किती आत येतं आणि तुमच्या दारात किती पोचतं, दोन्ही. उपकरण नसेल तर पाटाचा सरळ दहा मीटरचा तुकडा धरा, संत्र्याचं साल सोडा, सेकंद मोजा. असं पाच वेळा करा. रुंदी आणि सरासरी खोली मोजून क्षेत्रफळ काढा, त्याला वेगानं गुणा आणि आलेल्या आकड्याचे ८५ टक्के धरा, कारण वरचं पाणी तळच्यापेक्षा जोरात पळतं. मातीच्या चारीत निम्मं पाणी वाटेत गेलेलं मी माझ्या हातानं मोजलेलं आहे. तुमचं तसं निघालं तर तुम्ही ओढ्यातून घेताय दोन आणि शेताला मिळतंय एक.

आता आजोबांचं म्हणणं. ते बरोबर आहेत, आणि तुम्ही ते उडवलं नाहीत हे चांगलं केलंत. नीरेच्या कालव्याच्या अस्तरीकरणाचं काम काढलं तेव्हा शेतकरी विरोधात का उभे राहिले? काँक्रीट झालं की काठच्या विहिरी बसणार, म्हणून. झिरपलेलं पाणी वाया जात नाही, ते दुसऱ्याच्या विहिरीत किंवा नदीत उगवतं.

पण ते कधी उगवतं, हा खरा मुद्दा आहे. एप्रिल-मे महिन्यात तुमच्या डोंगरावरचं बर्फ वितळतं, ओढा भरून वाहतो, तेव्हा पाटात आणि शेतात मुरवलेलं पाणी जमिनीतून सावकाश चालत जुलै-ऑगस्टात नदीला लागतं. तेव्हा पाट भरपूर चालवा, कुरणात पाणी पसरवा, आजोबांच्या झऱ्यांना तेच लागतं. सप्टेंबरात मुरवलेलं पाणी मात्र डोहाला लागेल तेव्हा डोह सुकून गेलेला असेल. आज ओढ्यातून काढलेला क्युसेक आज कमी होतो, आणि परत येतो दोन महिन्यांनी, तोही बांधापासून लांब खाली. झरा कुठे फुटतो आणि डोह कुठे आहे, हे आजोबांना बरोबर घेऊन चालत जाऊन बघा. झरा डोहाच्या वर असेल तर मी सांगतोय त्यात फरक पडेल.

दुसरी सूचना, कोणी म्हणेल की पाट सोडून द्या, फिरते फवारे लावा, पाणी वाचेल. सावध राहा. फवाऱ्यानं झिरपणं थांबतं, पीक पितं तेवढं पितंच, आणि वाचलेल्या पाण्यावर माणूस आणखी चार एकर भिजवतो. नदीच्या हाती काही लागत नाही. वाचलेलं पाणी कागदोपत्री नदीच्या नावावर झालं तरच ते वाचलं म्हणायचं.

गाईंचं गणित तर पाच मिनिटांचं आहे. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. गाय दिवसाला फार तर ९० लिटर पिते. तुमच्या २२ गाईंना लागले १,९८० लिटर. तेवढं पाणी तुमच्या पाटातून ७० सेकंदांत जातं. उरलेल्या दिवसभरात साडेचोवीस लाख लिटर वाहतं ते कशासाठी?

सॅक्रामेंटोकर

मी इथे पाणीहक्कांच्या कामातच आहे, पण हा कायदेशीर सल्ला नव्हे. वकिलाशी बोलाच.

हक्क जाण्याची भीती खोटी नाही. कॅलिफोर्नियात सलग पाच वर्षं पाणी वापरलं नाही तर तेवढा हक्क गमावण्याची तरतूद आहे. पण त्याला वाट आहे. जलसंहितेचं कलम १७०७. तुमच्याकडे असलेला हक्क मासे, वन्यजीव किंवा पाणथळ जागा यांच्यासाठी प्रवाहात ठेवायचा आहे, असा अर्ज राज्य जल मंडळाकडे करता येतो. मंजूर झाला की पाणी ओढ्यात वाहणं हाच तुमचा वापर. अग्रक्रम तोच राहतो, हक्क तुमचाच राहतो. सगळा द्यायची गरज नाही, सप्टेंबर ते नोव्हेंबर एवढ्यापुरता देता येतो. ओरेगॉनात १९८७ च्या कायद्यापासून लोक असं पाणी भाड्यानं देतायत. तुमच्याच खोऱ्यात स्कॉट रिव्हर वॉटर ट्रस्ट हेच काम करतो. उन्हाळ्याच्या शेवटी शेतकऱ्याला पैसे देऊन पाणी ओढ्यात ठेवायचं. आधी त्यांच्याकडे जा, एका हंगामाचा करार करून बघा, कायमस्वरूपी अर्ज नंतर.

खालच्या पाटांबद्दल: नुसती फळी काढलीत तर पुढचा हक्कदार ते पाणी उचलेल, आणि त्याचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. कागद झाला असेल तर वॉटरमास्टर ते पाणी ठरलेल्या ठिकाणापर्यंत खाली जाऊ देतो. आपल्याकडच्या पाटकऱ्यासारखाच माणूस, फक्त कोर्टाच्या निवाड्याची वही हातात घेऊन फिरतो. तुमच्या खोऱ्यात असे तीन निवाडे आहेत, शॅकलफर्ड क्रीकचा १९५० चा, फ्रेंच क्रीकचा १९५८ चा आणि स्कॉट नदीचा १९८० चा. तुमचा ओढा कुठल्यात येतो ते आधी बघा. मात्र कोणाच्या हक्काला इजा होता कामा नये ही अट असते. तुमच्या पाटाच्या झिरप्यावर कोणाचा हक्क उभा असेल तर तो हरकत घेऊ शकतो. म्हणून कालव्यावरच्या काकांनी सांगितलेली मोजणी आधी.

गुरांच्या पाण्याचं तर राज्यानंच मनावर घेतलंय. २०२१ च्या दुष्काळापासून स्कॉट आणि शास्ता या दोन नद्यांसाठी तातडीचे नियम आले. किमान प्रवाह ठरला, त्याखाली गेलं की हक्कांच्या क्रमानं कपात. भूजल उपसणाऱ्यांना ३० टक्के वापर कमी करण्याचा करार केला तर सूट. आणि चार गाईंसाठी अख्खा पाट वाहता ठेवण्यावर शरद आणि हिवाळ्यात बंदी. स्कॉटच्याच खटल्यात २०१८ मध्ये अपील न्यायालयानं सांगितलं होतं की नदीला पोसणारं भूजल उपसतानाही सार्वजनिक विश्वस्ततेचा, म्हणजे नद्या सगळ्या लोकांच्या आणि सरकार त्यांचं विश्वस्त या तत्त्वाचा, विचार करावा लागेल. त्या निकालानं राज्यभर परिणाम केला.

आणि कायद्याच्या नुसत्या धाकानं काय होतं तेही बघा. ऑगस्ट २०२२ मध्ये शास्तावर काही शेतकऱ्यांनी कपातीचा आदेश मोडून आठ दिवस पंप चालवले. नदी भराभर उतरली. दंड झाला दिवसाला ५०० डॉलर, एकूण ४,०००. पुढे विधिमंडळानं दंड वाढवला, पण ते आठ दिवस माशांना परत मिळाले नाहीत. म्हणून मला तुमच्यासारख्यांचे स्वखुशीचे करार जास्त महत्त्वाचे वाटतात.

एक ताकीद. डोहातली पिल्लं बादलीनं उचलून हलवायचा मोह होईल. करू नका. परवान्याशिवाय हात लावणं गुन्हा आहे, आणि गरम पाण्यात थकलेलं पिल्लू हाताळलं की दगावतं. मत्स्यखात्याला फोन करा, त्यांची माणसं येऊन हलवतात.

मुळाकाठ

ताई, राग मानू नका. आमच्याकडे धरण उशाशी आणि खालच्या जायकवाडीसाठी पाणी सोडतात तेव्हा आम्ही रस्त्यावर उतरतो, तेही माणसांच्या पाण्यासाठी. तुम्ही बोटाएवढ्या माशासाठी पीक सोडताय. पगारदाराला परवडतं. ज्याचं पोटच लसूणघासावर आहे त्यानं काय करायचं? सरकारनं मासा धरला आणि शेतकरी सोडला असंच होणार.

निफाडची लेक

दादा, राग कसला. मी शेजारच्या नाशिक जिल्ह्यातली, जायकवाडीला पाणी सोडलं की वडिलांचा चेहरा कसा व्हायचा ते मला आठवतं. पण आमची स्कॉट ज्या नदीला मिळते त्या क्लॅमथवर काय घडलं ते सांगते, कारण तुमची भीती तिथे खरी ठरली होती.

२००१ साली दुष्काळ होता. वरच्या तलावात सकर जातीचे दोन संरक्षित मासे, खालच्या नदीत कोहो. दोन्हीकडे पाणी ठेवायचं म्हणून एप्रिलमध्ये केंद्राच्या खात्यानं जाहीर केलं की बहुतेक शेतांना यंदा पाणी नाही. पेरणीच्या तोंडावर. १९०५ पासूनचा सिंचन प्रकल्प, त्यात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवलेली घरं. मे महिन्यात हजारो माणसं रांग करून हातोहात बादल्या देत क्लॅमथ फॉल्स गावातून कालव्यापर्यंत उभी राहिली. त्यातल्या एक आजी माझ्याकडे औषधं न्यायला येतात. त्यांनी त्या वर्षी गाई विकल्या. त्या सांगताना आजही थांबतात.

पुढच्या वर्षी शेतीला पाणी दिलं. सप्टेंबर २००२ मध्ये नदीच्या मुखाजवळ कमी आणि कोमट पाण्यात मासे दाटले, कल्ल्यांचा रोग पसरला आणि किमान ३४,००० मोठे मासे मेले, बहुतेक चिनूक, म्हणजे सॅमनचीच दुसरी जात. तिथले आदिवासी युरोक लोक त्या माशांवर जगतात. त्यांच्यासाठी ते धान्याचं कोठार जळणं होतं. पहिल्या वर्षी शेतकऱ्याचं हातचं गेलं, दुसऱ्या वर्षी कोळ्याचं.

मला त्यातून एवढंच समजलं की एप्रिलमध्ये एका कागदानं सगळं बंद आणि पुढच्या एप्रिलमध्ये सगळं चालू, असं केलं तर कोणीच जगत नाही. आधी बसून ठरवलं असतं, कुठल्या महिन्यात कोणाचं किती, आणि सोडणाऱ्याला मोबदला काय, तर त्या आजींच्या गाई राहिल्या असत्या. म्हणूनच ज्याचं पोट लसूणघासावर आहे त्याला पैसे मिळाले पाहिजेत, याबाबत मी पूर्ण तुमच्या बाजूची आहे.

आणि एक. २०२४ मध्ये क्लॅमथवरची चार धरणं पाडून झाली, ऑक्टोबरात चिनूक थेट ओरेगॉनात पोचले, सगळीकडे बातम्या आल्या. मलाही डोळ्यांत पाणी आलं. पण आमची स्कॉट त्या धरणांच्या खाली मिळते. आमच्या कोहोला धरण कधीच आडवं नव्हतं. त्याला आडवं येतं ते कोरडं पात्र, आणि ते कोरडं करण्यात माझ्या बांधाचा वाटा आहे.

बिरवाडीवाला

मी महाडकडचा. आमच्याकडे काळ नदीत वाळण कोंड आहे, वरदायिनीचं ठाणं. तिथल्या माशांना कोणी हात लावत नाही, देवीचे मासे. लहानपणी कुरमुरे टाकायचो. मे महिन्यात सगळी नदी गोटा झाली तरी कोंडीत पाणी असतं, म्हणून ते मासे आहेत. देवाची राखण आहे हे खरंच, पण खोल पाणी नसतं तर देवी तरी काय राखणार? ताई, तुमच्या डोहावर सावली आहे का? काठाला झाडं नसतील तर वाळुंजासारखं काही लावा आणि गाई काठाला येऊ देऊ नका.

निफाडची लेक

तीन आठवड्यांनी लिहितेय, सगळ्यांचे मनापासून आभार.

मोजलं. संत्र्याचं साल चाललं, आजोबांनी सेकंद मोजले. तोंडाशी १.८ क्युसेक, आमच्या दारात १.१. म्हणजे ०.७ क्युसेक वाटेत. मग आम्ही दोघं झरे शोधायला चाललो, त्यांची काठी आणि माझा थर्मामीटर. त्यांचे दोन्ही झरे डोहाच्या पाऊण मैल खाली निघाले. एकाचं पाणी १२ अंश. आजोबा बराच वेळ तिथे बसले. म्हणाले, माझ्या लहानपणी हा झरा बांधाच्या वर पण फुटायचा, तिथे विहिरी झाल्यापासून नाही. हे मला कोणत्याच अहवालात सापडलं नसतं.

त्यांच्याशी ठरलं ते असं. मे-जूनमध्ये ओढा भरलेला असताना पाट पूर्ण चालवायचा, वरचं कुरण भिजवायचं, त्यांच्या झऱ्यांसाठी. एक सप्टेंबरला माझा वाटा बंद. त्यांचा वाटा ते यंदा पंधरा तारखेला बंद करणार, पुढचं पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ट्रस्टकडे एका हंगामाचा अर्ज दिलाय. त्यांनी वॉटरमास्टरलाही बोलावलं होतं, तो वही घेऊन आला आणि डोहाखालच्या पुलापर्यंत पाणी जाऊ देईन म्हणाला. त्यापुढे दुसरा पाट आहे, त्या दोघांशी बोलणं व्हायचंय.

गाईंसाठी विहिरीवर छोटा पंप, कुरणात दोन टाक्या, तरंगत्या गोळ्याच्या तोट्या. सत्तर सेकंदांचं गणित मी नवऱ्याला सांगितलं, त्यानं दुसऱ्या दिवशी पाइप आणला. जुना हौद काठावरून काढला, तारेचं कुंपण ओढ्यापासून वीस पावलं मागे घेतलं, आणि बिरवाडीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे नोव्हेंबरात विलोच्या, म्हणजे इथल्या वाळुंजाच्या, काड्या खोचायच्यात.

पंधरा तारखेला सकाळी फळ्या काढल्या. चार होत्या, शेवटची फुगून बसली होती, ती आजोबांनी पहार लावून सैल केली. पाणी बांधावरून गेलं, गोट्यांमध्ये शिरलं आणि दिसेनासं झालं. मला वाटलं सगळं वाळूच पिणार. दुपारी गेले तर काही नाही. संध्याकाळी साडेसहाला डोहाच्या वरच्या काठाशी गोटे ओले झाले होते, मग बोटाएवढी धार लागली. पिल्लं गार कोपरा सोडून त्या धारेच्या तोंडाशी आली.

काल दुपारी तीनला दुसऱ्या टोकाला १८ अंश होते. कालव्यावरच्या काकांना एक विचारायचंय, मे महिन्यात कुरणात पाणी पसरवताना एका जागी किती दिवस उभं ठेवावं? लसूणघासाची मुळं कुजतील अशी मला भीती वाटते.